डांसाचें काम कांचेच्या बशींत



दुधाला विरजण लावणें ही आपल्या घरांतील रोजची गोष्ट आहे. दूध कोमट आणि विरजण चांगलें असलें म्हणजे सकाळपर्यंत दहीं लागतें. दह्यांतील सूक्ष्म जंतूंना वाढण्यास अन्न आणि ऊब यांहून फारसें कांहीं लागत नाहीं. प्रयोगशाळेंत अनेक रोगजंतु वाढविण्याची रीतही मुळांत हीच आहे. परंतु हिंवतापाचा परोपजीवी या साध्या रीतीला दाद देत नाहीं. त्याचें अर्धें आयुष्य मनुष्याच्या यकृतांत व रक्तांत जातें आणि उरलेलें अर्धें ॲनॉफिलिस डांसाच्या मादीच्या शरीरांत. हें दुसरें अर्ध डांसावांचून, कांचेच्या बशींत, घडवून आणतां येईल काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या दुसऱ्या अर्धाचा शोध आपल्याच देशांत लागला. २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबाद येथें रोनाल्ड रॉस यांनीं, हिंवतापाच्या रोग्याचें रक्त प्यालेला एक डांस चिरून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला. त्याच्या जठराच्या भिंतींत काळसर कण असलेल्या गोल पेशी त्यांना आढळल्या. पुढल्या वर्षीं कलकत्त्यास पक्ष्यांच्या हिंवतापावर प्रयोग करून, परोपजीवी तेथून डांसाच्या लाळेच्या ग्रंथींत जातो, हेंही त्यांनीं सिद्ध केलें. या कार्याबद्दल त्यांना १९०२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

डांसाच्या पोटांत नेमकें घडतें तरी काय? रोग्याच्या रक्तांत परोपजीवीचीं नर व मादी अशीं दोन रूपें असतात; पण तेथें तीं निश्चेष्ट असतात. डांसानें रक्त शोषून घेतलें कीं तें कांहीं अंशांनीं थंड होतें, आणि झँथुरेनिक आम्ल नांवाचें एक द्रव्य त्यांत मिसळतें. या खुणा पटतांच नर रूप थोड्याच मिनिटांत आठपर्यंत सूक्ष्म तंतु बाहेर सोडतें. अशा एका तंतूचा मादी रूपाशीं संयोग होऊन सुमारें एका दिवसांत एक सरपटणारा जीव निर्माण होतो. तो जठराची भिंत भेदून तिच्या बाहेरच्या अंगास, एका पातळ पडद्याखालीं, ठाण मांडतो व गोल कोशाचें रूप घेतो. सुमारें दहा ते चौदा दिवसांनीं कोश फुटतो, आणि त्यांतून हजारों निमुळते बीजाणु बाहेर पडून लाळेच्या ग्रंथी गांठतात. डांस चावला म्हणजे तेच आपल्या यकृतांत शिरतात.

बशींतील संवर्धनाला यश आलें तें टप्प्याटप्प्यानें. १९७६ सालीं न्यूयॉर्कमध्यें विल्यम ट्रेगर व जेम्स जेन्सेन यांनीं, फाल्सिपेरम या सर्वांत घातक जातीचा परोपजीवी मनुष्याच्या तांबड्या रक्तपेशींत अखंड वाढवून दाखविला. त्याला प्राणवायु थोडाच मानवतो; म्हणून त्यांनीं बश्या एका भांड्यांत ठेवून आंत मेणबत्ती पेटविली व ती विझतांच भांडें पक्कें बंद केलें. १९८१ सालीं नर व मादी रूपेंही बशींत पूर्णपणें पक्व करतां आलीं. पुढें त्यांचा संयोग घडविणेंही साधलें. अडलें तें त्यानंतरच्या पायरीवर: सरपटणारा जीव तयार होई, पण कोश धरीना.

याचें कारण असें कीं, कोशाला केवळ अन्न पुरत नाहीं. टेकावयास योग्य जागाही लागते. १९९२ सालीं अमेरिकेंत ॲलॉन वॉरबर्ग व लुई मिलर यांनीं, उंदराच्या अर्बुदापासून काढलेलें, डांसाच्या जठरावरील पडद्याशीं साम्य असलेलें चिकट द्रव्य बशींत पसरलें. सोबतीला फळमाशीच्या पेशी ठेविल्या, आणि कोंबड्यांच्या हिंवतापाचा परोपजीवी बीजाणूंपर्यंत वाढविला. २००२ सालीं इंग्लंडमधील संशोधकांनीं उंदरांच्या हिंवतापाच्या परोपजीवीची डांसांतील सर्व वाढ याच धर्तीवर पुरी करून दाखविली. डांस हें परोपजीवीचें नुसतें वाहन नव्हे, हें या प्रयोगांवरून उघड झालें.

एवढा खटाटोप कशासाठीं? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानें २०२३ सालीं हिंवतापानें सुमारें ५,९७,००० माणसें दगावलीं. त्यांत आफ्रिकेंतील लहान बालकें सर्वाधिक होतीं. १९६७ सालीं रूथ नुसेनझ्वाइग यांनीं क्ष-किरणांनीं दुर्बल केलेले बीजाणु टोंचल्यास उंदरांचें रोगापासून रक्षण होतें असें दाखविलें. पुढें माणसांतही हें आढळलें. पण त्यासाठीं किरण दिलेल्या डांसांचे हजाराहून अधिक चावे सोसावे लागत. अलीकडे असे बीजाणु सुईनें टोंचतां येतात. मात्र त्यांसाठीं निर्जंतुक जागेंत डांस पाळावे लागतात व त्यांच्या लाळेच्या ग्रंथी हातांनीं काढाव्या लागतात. पुण्यास बनणाऱ्या आर-२१ या लसीची शिफारस संघटनेनें २०२३ सालीं केली. तींत बीजाणूच्या पृष्ठावरील एका प्रथिनाचा अंश आहे. संपूर्ण बीजाणूची लस घरोघर पोंचावयाची तर बीजाणु विपुल व स्वस्त मिळाले पाहिजेत.

या वाटेवरील मोठें पाऊल २०२२ सालीं पडलें. मेरीलँडमधील सनारिया या कंपनीच्या संशोधकांनीं फाल्सिपेरमचे बीजाणु डांसावांचून तयार केल्याचें जाहीर केलें. अंगीं मनुष्याच्या यकृतपेशी असलेल्या उंदरांना ते टोंचले असतां तेथें त्यांची वाढ झाली. बीजाणु नुसते दिसणें आणि त्यांच्या ठिकाणीं यकृतांत शिरण्याचें सामर्थ्य असणें यांत मोठें अंतर आहे; तें अंतर येथें ओलांडलें गेलें. अर्थात् एवढ्यानें लस हातीं आली असें नव्हे. तिची खरी परीक्षा माणसांतच व्हावयाची असते.

तोंपर्यंत आपल्या घराची राखण आपणच केली पाहिजे. शहरांत हिंवताप पसरविणारा स्टिफेन्साय जातीचा डांस गच्चीवरील टाक्यांत व विहिरींत अंडीं घालतो. शास्त्रज्ञांनीं डांसावांचून परोपजीवी वाढविला खरा, परंतु तो आपल्या घरांत येतो तो अजून डांसाबरोबरच. आपल्या टाकीचें झांकण घट्ट बसतें कीं नाहीं, हें उद्यां सकाळीं वर जाऊन एकदां पाहावें, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.