पायडलच्या होडीचे वल्हेचाक
पायाने चालवायच्या लहान होडीत पायडलचा आस बहुधा थेट वल्हेचाकाला, म्हणजे कडेला आडव्या फळ्या बसवलेल्या चाकाला, जोडलेला असतो. फळी घट्ट बसवलेली असेल तर ती पाण्यात शिरताना पाणी खाली दाबते, बाहेर पडताना तेच वर उपसते, आणि खरा रेटा तळाशी, ती उभी असतानाच मिळतो. चाक जितके लहान व खोल बुडालेले, तितकी ही नासाडी अधिक. बिजागरीवरच्या फळ्या दांड्यांच्या योजनेने पाण्यात जवळजवळ उभ्या ठेवता येतात, पण भाड्याच्या होडीला हा खटाटोप परवडत नाही. जॉन फिच याने १७८७ साली फिलाडेल्फियाजवळ डेलावेअर नदीत चालवलेल्या वाफेच्या बोटीला तर चाक नव्हतेच. तिच्या दोन्ही बाजूंची उभी वल्ही यंत्राने हलत.