तूर निघाली परदेशाला, टर्की आली घरी



बांधावरची तूर आपण रोज बघतो. पण हीच तूर समुद्रापलीकडं अमेरिकेत एका मोठ्या सणाच्या पंगतीला असते, हे मला यंदाच कळलं. बाईंनी वर्गात नकाशावर बोट ठेवून सांगितलं, मग मी आणखी वाचून काढलं. ते सगळ्यांना कळावं म्हणून इथं लिहीत आहे.

अमेरिकेत नोव्हेंबर महिन्यातल्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग नावाचा सण असतो. थँक्सगिव्हिंग म्हणजे आभार मानणे. १६२१ साली इंग्लंडहून आलेल्या लोकांनी प्लिमथ या ठिकाणी पहिलं पीक हाती आल्यावर तीन दिवस जेवणावळी केल्या. तिथले मूळ रहिवासी वांपानोआग लोकही त्या जेवणाला होते. मका कसा लावायचा, हे परक्या मुलखात आलेल्या इंग्रजांना त्यांच्यातल्याच एकानं शिकवलं होतं. पुढं १८६३ साली अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी हा दिवस देशभर पाळावा असं जाहीर केलं, आणि १९४१ साली चौथ्या गुरुवारचा कायदा झाला. मात्र इंग्रज पसरत गेले तशा मूळ रहिवाशांच्या जमिनी गेल्या. म्हणून त्यांच्यातले काही लोक १९७० सालापासून हा दिवस दुःखाचा दिवस म्हणून पाळतात. हेही आपण लक्षात ठेवायला हवं.

या सणाला घरोघर टर्की भाजतात. टर्की म्हणजे कोंबड्याहून पुष्कळ मोठा पक्षी. सोबत उकडून कुस्करलेले बटाटे, क्रॅनबेरी नावाच्या आंबट लाल फळांची चटणी आणि लाल भोपळ्याचा गोड पदार्थ असतो.

आता खरी गंमत पुढं आहे. अमेरिकेत स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतून आलेली पुष्कळ कुटुंबं राहतात. त्यांना हिस्पॅनिक म्हणतात. २०२० सालच्या जनगणनेत ते ६ कोटी २१ लाख भरले, म्हणजे दर शंभर माणसांत जवळजवळ एकोणीस. कुणी मेक्सिकोचे, कुणी क्युबाचे, कुणी पोर्तो रिको बेटाचे. हा सण त्यांच्या आजी-आजोबांच्या गावचा नव्हे. तरी ते तो आनंदानं करतात, पण आपल्या चवीनं. काही जणांना थँक्सगिव्हिंग म्हणताना जीभ वळवावी लागायची, म्हणून त्यांनी त्याचं ‘सान गिविन’ करून टाकलं. स्पॅनिशमध्ये सान म्हणजे संत. जणू संत गिविन महाराजांची पुण्यतिथीच!

पोर्तो रिकोच्या लोकांची टर्की साधी नसते. लसूण, मीठ, मिरी, तेल आणि ओरेगानो नावाचा सुगंधी पाला एकत्र वाटून ते वाटण टर्कीला आतून-बाहेरून चोळतात, मुरू देतात आणि मग भाजतात. त्यांच्याकडं सणाला डुक्कर भाजायची जी रीत आहे, तीच त्यांनी टर्कीला लावली. शेजारी ताटात काय असतं ठाऊक आहे? तुरीच्या दाण्यांचा भात! तुरीला ते गांदुलेस म्हणतात. फोडणीत कांदा, लसूण, ढोबळी मिरची, कोथिंबीर घालतात आणि रंगासाठी शेंदरीच्या बिया वापरतात. तूर मूळची आपल्या भारतातली. इथून ती आफ्रिकेत गेली, आणि आफ्रिकेतून माणसांना गुलाम करून नेणाऱ्या जहाजांबरोबर त्या बेटांवर पोचली. किती दुःख बघत गेली असेल ती!

क्युबाच्या घरांत काळ्या घेवड्याचा भात असतो. तिथं लसूण आणि आंबट संत्र्याच्या रसात मुरवलेलं डुकराचं मांसही टर्कीच्या जोडीला येतं.

मेक्सिकोच्या पुष्कळ घरांत तामालेस करतात. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात. चुन्यानं त्याची साल सुटते, पीठ चांगलं मळलं जातं, आणि मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागतं. तो वाटून, चरबी घालून फेटतात. मग कणसाच्या वाळलेल्या पानावर पसरतात, मध्ये तिखट मांसाचं सारण घालतात, गुंडाळतात आणि वाफवतात. आपल्या कोकणात हळदीच्या पानात पातोळ्या उकडतात, तसंच. आजी, आई, मावशी, पोरं सगळी मिळून बसतात, कारण एकट्याचं ते काम नव्हे. आपल्या दिवाळीच्या करंज्या आठवा.

उरलेली टर्की ते मोले नावाच्या मिरच्यांच्या दाट रश्श्यात घालतात. आणि टर्की तरी कुणाची? आज घरोघर भाजतात ती पाळीव टर्की मूळची मेक्सिकोतलीच. स्पेनच्या लोकांनी पाचशे वर्षांपूर्वी ती युरोपात नेली, तिथून ती इंग्लंडात गेली आणि इंग्रजांबरोबर पुन्हा अमेरिकेत आली. मग मेक्सिकोचं पोर त्या पंगतीत पाहुणं की घरचं? शिवाय तिथल्या शेतांत राबणाऱ्या मजुरांत मेक्सिकोतून आलेल्यांचा भरणा मोठा आहे. ज्या पिकाचे आभार मानायचे, ते पुष्कळदा त्यांच्याच हातांनी काढलेलं असतं.

हे वाचलं आणि मला गेल्या वर्षीची एक गोष्ट आठवली. ऊसतोडीच्या हंगामात कोप्यांवरची मुलं आपल्या वर्गात येतात. त्यांतला एक जण धाराशिवकडचा. एके दिवशी त्यानं डब्यात भज्जी आणि बाजरीचे उंडे आणले आणि म्हणाला, “आज आमची येळवस हाय.” आम्ही त्या शब्दाला हसलो. मीही हसलो. त्यानं डबा झाकला आणि जेवलाच नाही.

नंतर बाईंनी सांगितलं, की येळवस म्हणजे वेळा अमावस्या. त्या दिवशी त्यांच्याकडं सगळे शेतात जाऊन काळ्या आईची पूजा करतात आणि पंगत बसते. भज्जीत ओल्या तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे दाणे घालतात. म्हणजे तोही आभाराचाच सण! त्याचं शेत लांब राहिलं, म्हणून त्याच्या आईनं तो सण पहाटे कोपीत चूल पेटवून केला होता. आणि ऊस तोडायचा होता आमच्या गावचा.

यंदा तो परत आला आहे. मी त्याला विचारलं, “येळवस कधी आहे रे?” त्यानं आधी माझ्या तोंडाकडं बघितलं, मी हसतोय का ते. मग दिवस सांगितला.

त्या दिवशी आईला सांगून मी भाकरी आणि ठेचा जास्तीचा आणणार आहे. ज्यांना यायचं त्यांनी मधल्या सुट्टीत चिंचेखाली यावं. डबा प्रत्येकानं आपापल्या घरचाच आणावा.

— इयत्ता सातवीतला एक विद्यार्थी