फुकेतमधील एकट्याने पर्यटन व सुरक्षितता

फुकेत हे अंदमान समुद्रातील थायलंडचे सर्वांत मोठे बेट आहे. पातोंग, करोन व काता हे त्याच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्रसिद्ध समुद्रकिनारे आहेत. एकटा पर्यटक संकटात सापडल्यास ते लगेच लक्षात येईल असा सोबती जवळ नसतो. म्हणून येथील धोक्यांची पूर्वमाहिती त्याला विशेष आवश्यक ठरते.

समुद्र

साधारणपणे मे ते ऑक्टोबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे पश्चिम किनाऱ्यावर मोठ्या लाटा येतात आणि खोल पाण्याकडे ओढून नेणारे प्रवाह निर्माण होतात. लाल बावटा लावलेला असल्यास पोहण्यास मनाई असते. लाल-पिवळ्या बावट्यांमधील भागावर जीवरक्षकांचे लक्ष असते. प्रवाहात सापडल्यास त्याविरुद्ध पोहून दमण्यापेक्षा तरंगत राहणे, हात उंचावून मदत मागणे किंवा किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडणे योग्य मानले जाते.

रस्ते व मदत

भाड्याची स्कूटर चालवण्यासाठी दुचाकीस लागू असलेला वैध परवाना लागतो. तो नसल्यास अपघातानंतर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. स्कूटरसाठी पारपत्र तारण ठेवल्यास वादप्रसंगी पर्यटकाची अडवणूक होऊ शकते. पर्यटक पोलिसांचा दूरध्वनी क्रमांक ११५५, तर रुग्णवाहिकेचा १६६९ आहे.