आईचा कापूस, रोमचं शीड

बाबा गेल्यावर आई पहिल्यांदाच यवतमाळहून सिंगापूरला आली. आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात, लेक शाळेत आणि आई बाराव्या मजल्यावर एकटी, गप्प. रोज संध्याकाळी तिचा एकच प्रश्न: "तिकीट अलीकडचं मिळेल का रे?"

एका रविवारी दिव्याच्या वाती संपल्या. गेलांग सेराईच्या बाजारात मी फोनवर बोलत उभा होतो, तेवढ्यात आईने दुकानातल्या मलय आजीला हातावर वात वळून दाखवली. "कापूस... कपास!" आजीने लगेच पुडी पुढे केली. "कापास, कापास!" मलय भाषेतही हाच शब्द! दोघी कितीतरी वेळ हसत होत्या.

मुळाशी गेल्याशिवाय चैन पडत नाही, ही आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची खोड. रात्री शोधत बसलो. मूळ संस्कृत 'कार्पास'. पूर्वेला तो मलय 'कापास' झाला, पश्चिमेला ग्रीक 'कार्पासोस' आणि लॅटिन 'कार्बासुस'. रोमन लोकांनी गंमत केली. कापसाचा हा शब्द त्यांनी तलम लिननलाही लावला, नाट्यगृहावर ताणलेल्या छताच्या कापडालाही आणि जहाजाच्या शिडालाही! काही भाषातज्ज्ञ तर मानतात की संस्कृतातही तो ऑस्ट्रोएशियाटिक भाषांतून आला असावा. म्हणजे आमच्या मेळघाटातल्या कोरकूचं भाषाकुळ. (इंग्रजी 'कॉटन' मात्र अरबीतून आलेलं, त्याचं घराणं वेगळं.)

कापडाचा प्रवासही सापडला. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' ह्या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत लिहिलंय की तगरहून भरपूर कापड भडोच बंदरात जाई. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर.

सकाळी चहा घेताना आईला हे सगळं सांगितलं. रोमचं तिला काही विशेष वाटलं नाही. तेर म्हटल्यावर मात्र कप खाली ठेवला.

"गोरोबाकाकांचं तेर?"

"हो, तेच."

मग तिने पुडीतला कापूस चिमटीत धरून ओढून पाहिला. तीस वर्षं वेचणी केलेला हात. "धागा आखूड आहे रे. आपल्या पऱ्हाटीचा असा नसायचा."

त्या संध्याकाळी तिकिटाचा विषय निघाला नाही. वाती वळता वळता म्हणाली, "त्या बाईकडे पुन्हा कधी जायचं?"