साखरेच्या एका दाण्याएवढं औषध

सांगलीच्या घरात साखरेचा डबा नाही असं होत नाही. त्यातला एक दाणा बोटाच्या टोकावर घ्या. अर्धा मिलिमीटर बाजूचा असेल तर त्याचं वजन भरतं साधारण 200 मायक्रोग्रॅम. धाप लागणाऱ्या माणसाच्या नेहमीच्या एका पंपातून एका दाबाला बुडेसोनाइड नावाचं स्टेरॉइड सुटतं, तेही एवढंच. सोबतचं फॉर्मोटेरॉल तर फक्त 6 मायक्रोग्रॅम, म्हणजे त्याच दाण्याचे तीसेक तुकडे केले तर त्यातला एक. त्यातलाही बराचसा भाग घशातच अडकतो. जो थोडासा खाली उतरतो, त्यावर 12 तास छाती सैल राहते!

हा पंप सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या रोग्यांना बऱ्याचदा दिला जातो. 2016 च्या अंदाजानुसार भारतात असे साडेपाच कोटी रोगी होते. बिडी हे त्याचं ठळक कारण, पण आपल्याकडे बिडी न ओढताही हा आजार जडतो. वर्षानुवर्षं फुंकणीनं चूल पेटवणारी बाई, गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाडं सारणारा माणूस, दोघांच्याही छातीत धूर साठत गेलेला असतो. श्वासनळ्या आतून सुजून अरुंद होतात, फुप्फुसातल्या हवेच्या फुग्यांच्या भिंती फाटतात. श्वास आत जातो, पण पुरता बाहेर सुटत नाही. धाप लागते ती म्हणूनच.

आवळलेली श्वासनळी सैल करायच्या दोन वाटा आहेत. फॉर्मोटेरॉल हे अॅड्रेनालिनच्या घराण्यातलं, ते स्नायूला थेट ‘सैल हो’ सांगतं. दुसरी वाट मज्जातंतूकडून येणारा ‘आवळ’ हा निरोप अडवायची. या वाटेचं मूळ धोत्र्यात आहे, महादेवाला वाहतो त्याच धोत्र्यात. दम्यावर त्याच्या मुळ्यांचा धूर ओढायची रीत आपल्याकडे जुनी. 1802 च्या सुमारास मद्रासमधल्या एका इंग्रज अधिकाऱ्यानं ती विलायतेला नेली. धोत्र्यातल्या अॅट्रोपिनला रसायनशास्त्रज्ञांनी असं वळण दिलं की ते मेंदूत सहजी शिरू नये. त्याच घराण्यातलं टायोट्रोपियम आज दिवसातून एकदा घेतलं तरी पुरतं. (धोत्रा स्वतः मात्र जहरी आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका.)

स्टेरॉइड तिसरं. ते सूज उतरवतं. त्याच्यामुळे फॉर्मोटेरॉलला पेशीवर बसायला जागा वाढतात आणि फॉर्मोटेरॉलमुळे स्टेरॉइडचं पेशीच्या केंद्रातलं काम सोपं होतं. दोघं एकमेकांना हात देतात. एकाच पंपात दोन औषधं घालण्यामागे सोय आहेच, पण ही जोडीही आहे.

आता दुसरं पारडं. 2007 मध्ये ‘टॉर्च’ हा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 6,112 रोगी, तीन वर्षं. साल्मेटेरॉल हे फॉर्मोटेरॉलसारखं औषध आणि फ्लुटिकासोन हे स्टेरॉइड एकत्र घेणाऱ्यांचा आजार उसळण्याचं प्रमाण नकली पंपवाल्यांपेक्षा 25 टक्क्यांनी कमी भरलं. पण न्यूमोनिया? नकली पंपवाल्यांत शंभरात 12, जोडपंपवाल्यांत जवळपास 20. सूज उतरवणारं औषध फुप्फुसातला पहाराही थोडा ढिला करतं. स्टेरॉइड वगळून फक्त नळ्या सैल करणाऱ्या दोन औषधांचा जोडपंपही आहे. त्यानं न्यूमोनियाची ती जास्तीची भीती टळते, पण तोंड कोरडं पडतं, कधी छाती धडधडते आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांना लघवी अडखळू शकते. वारंवार आजार उसळणाऱ्यांसाठी तिन्ही औषधांचा एकच पंपही मिळतो.

मग कुणाला कोणता? मला सगळ्यांत नवल वाटतं ते इथं. हा निवाडा करायला मदत करते आपल्या रक्तातली एक पेशी, इओसिनोफिल. इओसिन या गुलाबी रंगात ती उठून दिसते, म्हणून हे नाव. सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा कागद घरात कुठेतरी पडलेला असतोच, तो काढा. पांढऱ्या पेशी 8,000 आणि इओसिनोफिल 4 टक्के असतील, तर 8,000 चे 4 टक्के म्हणजे 320. आकडा 300 किंवा त्याच्या वर असेल तर स्टेरॉइडचा फायदा होण्याची शक्यता चांगली. 100 च्या खाली असेल तर फायदा नावापुरता आणि न्यूमोनियाची जोखीम मात्र पदरात. एवढ्या स्वस्त तपासणीत एवढं दडलेलं आहे!

आपल्या भागात आणखी एक गोष्ट तोलावी लागते. सांगली-मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभं राहिलं होतं. क्षय होऊन बरी झालेली माणसं आपल्याकडे आहेतच. जुन्या क्षयाच्या डागांनीही धाप लागते, आणि अशा छातीला स्टेरॉइड देताना डॉक्टर हात आखडता घेतात. तीस वर्षांपूर्वीचा क्षय म्हणून तो सांगायचा राहू नये.

आपण धाप लागणाऱ्या प्रत्येकाला ‘दमा आहे’ म्हणतो, यातली गफलत जिवावर बेतू शकते. खऱ्या दम्यात स्टेरॉइड हाच उपचाराचा पाया आहे. तिथे ते सोडून नुसतं फॉर्मोटेरॉलसारखं औषध ओढणं धोक्याचं. म्हणून शेजाऱ्याचा पंप आपला नव्हे, दिसायला सारखा असला तरी.

‘पंप एकदा लागला की सुटत नाही’ हे सांगलीतही ऐकू येतं. पंपाची सवय लागत नाही. आजार जात नाही, म्हणून पंप राहतो. भीतीपोटी तो मनानं बंद करू नका. दाबाच्या वेळी सावकाश खोल श्वास घ्या, दहा सेकंद धरा, आणि स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरून थुंका, नाहीतर जिभेवर पांढरी बुरशी धरू शकते. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना सीबीसीचा कागद आणि पंप दोन्ही पिशवीत टाका, आणि डॉक्टरांना विचारा: यात स्टेरॉइड आहे का, आणि मला ते कशासाठी?