विसाराचे मोल

शिकागोच्या बाजारात २००६ साली घरांच्या किमतींच्या निर्देशांकावर वायदे सुरू झाले. त्यांत घराची मालकी बदलत नाही. मात्र दोन्ही पक्षांना अनामत भरावी लागते. मंचर वा नारायणगावचा शेतकरी महामार्गालगतच्या जमिनीचा विसार घेऊन लांब मुदतीचे साठेखत करतो, तेव्हा तोही नकळत वायद्यातच उतरतो; अनामत मात्र एकाचीच असते. भाव चढल्यास लाभ खरेदीदाराचा; उतरल्यास तो बहुधा विसारावर पाणी सोडून मोकळा होतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ नुसार केवळ साठेखताने जमिनीत हक्क निर्माण होत नाही. परंतु दावा उभा राहिला की जमीन अडकते. विसार ही भाववाढीच्या संधीची किंमत होय. मुदत जितकी लांब, तितका तो मोठा असावयास हवा.