दगडाचं माहेर

या कार्यक्रमात आम्ही बचत गटाच्या बाया एरवी कोकम, मसाले, कर्जाचे हप्ते यांवर बोलतो. आज बोलूया दगडावर. हजारो वर्षांपूर्वी माणसं दगड घासून गुळगुळीत हत्यारं करत. तो दगड कुठून यायचा आणि त्या हत्यारांनी काय काम व्हायचं, ते बघूया.

पाटा-वरवंटा घेताना आपण जांभ्याचा घेतो का? नाही. जांभा घर बांधायला चांगला, पण भोकाभोकांचा. वाटणात त्याचे कण उतरतील. वाटायला आपल्याला घट्ट काळा दगडच लागतो. त्या माणसांची पारखही अशीच होती. गारेचा दगड फोडला की धारदार पाती निघते. ती मांस, कातडं, गवत कापायला चांगली, पण झाडावर घाव घातला की तुटते. कुऱ्हाडीला घाव सोसणारा दगड हवा. त्यासाठी आवडता दगड म्हणजे डोलेराइट. हा आपल्या काळ्या दगडाचाच भाऊ. जमिनीच्या भेगांत तप्त रस शिरून थिजला, की तो तयार होतो. त्याचे दाणे एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात, म्हणून तो सहज फुटत नाही.

कुऱ्हाड करायची रीत अशी. आधी मोठा दगड फोडून ओबडधोबड आकार द्यायचा. मग दुसऱ्या दगडाने बारीक ठोके देत उंचवटे काढायचे, आपल्या पाट्याला टाकी लावतात तसे. शेवटी वाळू आणि पाणी घालून खडकावर घासत राहायचं. वाळूतले गारेचे कण डोलेराइटपेक्षा कठीण, म्हणून ते त्याला झिजवतात. गुळगुळीतपणा नुसत्या देखणेपणासाठी नव्हता. घासलेली धार लाकडात सरळ शिरते, लवकर तुटत नाही आणि बोथट झाली तर पुन्हा घासता येते. अशा कुऱ्हाडींनी रान साफ व्हायचं. लहान वाकस-छिन्न्यांनी लाकूड तासलं जायचं. धान्य भरडायला, कुटायला वेगळे दगड असत.

कर्नाटकात बल्लारीजवळ संगनकल्लू इथे टेकडीवर डोलेराइटची लांब शीर आहे. साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथे कुऱ्हाडी घडवण्याचा मोठा कारखानाच होता. दगड फोडल्याच्या कपच्यांचे ढीग आणि ग्रॅनाइटवर घासून पडलेल्या खोलगट खाचा तिथे सापडल्या. आपल्या महाराष्ट्रात प्रवरेकाठी नेवासे इथे डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते ५६ मध्ये उत्खनन केलं. तिथल्या जुन्या शेतकरी वस्तीत डोलेराइटच्या घासलेल्या कुऱ्हाडी निघाल्या. त्या लोकांना तांबंही माहीत होतं, पण तांबं महाग आणि थोडं. म्हणून दगडाचं काम सुटलं नाही.

आता आपल्या मालवणकडे या. कुडोपीच्या सड्यावरची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. ती जांभ्यावर कोरलेली आहेत. जांभ्यावर कोरायचं तर त्याहून कठीण हत्यार हवं. म्हणून जांभ्याच्या सड्यावर, जवळ व्हाळ नसताना, घडवलेला कठीण दगड दिसला तर तो आपोआप आलेला नसतो. त्याचं माहेर दुसरीकडे असतं आणि कुणीतरी तो हातात घेऊन चालत आलेलं असतं. ते माहेर शोधलं, की त्या माणसांची वाट कळते.

पण हे कळतं ते दगड जिथे आहे तिथेच राहिला तर. घरी आणून कपाटात ठेवला, की तो नुसता दगड उरतो. आज सड्यांवर चिऱ्याच्या खाणी आहेत, आंबा-काजूच्या बागांसाठी जमीन सपाट होते. कामावर आपण बायाच असतो. एका बाजूला धार आणि अंगाला घासल्याची तुळतुळी असलेला दगड दिसला, तर तो उचलू नका, धुऊ नका, विकू नका. शेजारी नाणं किंवा काडेपेटी ठेवून फोटो काढा, म्हणजे आकार कळेल. जागेची खूण लिहून ठेवा. मग ग्रामपंचायतीला किंवा तहसीलदारांना सांगा आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवायला लावा.

पुढच्या बैठकीत घरातले जुने पाटे-वरवंटे, रगडे, जाती यांची यादी करूया. कुठला दगड, कुणी आणला, कुठून आणला, हे म्हाताऱ्या बायांना विचारूया. त्या आहेत तोवरच हे कळणार आहे.